रेशमाचं जेल आणि आईचे गुडघे

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात कुणाचे गुडघे दुखतात त्यांनी आणि ज्यांच्या शेतात तुती आहे त्यांनी जरा वेळ काढून वाचा. आपल्या जालन्याकडे ही दोन्ही माणसं बहुतेक वेळा एकाच घरात सापडतात.

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी फॉरवर्ड केला. मजकूर असा, की रेशीम किड्यापासून बनवलेलं जेल गुडघ्यात सोडायचं, झिजलेली वाटी नव्याने तयार होते, ऑपरेशनची कटकट नाही, आणि आता शेतकऱ्याच्या कोषाला सोन्याचा भाव येणार. खाली एक मोबाइल नंबर आणि "पहिल्या ५० रुग्णांना सवलत". पाठवणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, चार जण माझ्या दादाच्या ओळखीचे रेशीमवाले आहेत आणि एक माझी सख्खी मावशी. मावशीने खाली लिहिलंय, "बघ गं, तुझ्या शास्त्रातलं आहे. खरं आहे का?"

मावशी, अर्धं खरं आहे. आणि जे अर्धं खरं असतं तेच जास्त महागात पडतं. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. आमच्या घरात ते घडून गेलंय.

माझी आई माळकरी. वय ६४. पंधरा-सोळा वर्षं पायी वारी केली. दादाने रेशीम सुरू केलं तेव्हापासून शेडमध्ये तिचाच हात जास्त. तुतीच्या फांद्यांचे भारे आणायचे, रॅकवर पाला टाकायचा, खालच्या रॅकची सफाई उकिडवं बसून करायची. ज्यांच्या घरी शेड आहे त्यांना सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सरळ सांगितलं, "आजी, गादी झिजलीय. मांडीचे व्यायाम करा, वजन उतरवा, उकिडवं बसू नका. पुढे अगदीच चालवेना तर वाटी बदलू." यात नवीन काहीच नव्हतं, म्हणून आम्हाला ते पटलं नाही. माणसाचं असंच असतं.

मग एका पाहुण्याने मोठ्या शहरातल्या एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे "रेशीम जेल थेरपी" असा बोर्ड. तीन इंजेक्शनं, एकेकाचे १४ हजार. म्हणजे ४२ हजार. दादाची दीडशे अंडीपुंजांची एक अख्खी बॅच त्यात गेली. दोन-अडीच महिने आईला बरं वाटलं. आषाढात ती हौसेने दिंडीत निघाली. दुसऱ्या मुक्कामाला गुडघा टम्म सुजला आणि पुढची वारी तिने सामानाच्या ट्रकमध्ये बसून केली. घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "पांडुरंगाला कळतं सगळं."

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला आधीच शंका यायला हवी होती. आली नाही, ही माझी चूक. नंतर फाइल चाळताना इंजेक्शनचं रिकामं खोकं सापडलं. त्यावर बारीक अक्षरात घटक लिहिलेला होता, सोडियम हायल्युरोनेट. रेशमाचा त्यात कणही नव्हता. हे हायल्युरोनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे, आता बहुतेक ठिकाणी जिवाणूंच्या मदतीने बनवतात. गुडघ्यात ते निसर्गतःच असतं, वंगणासारखं. हे इंजेक्शन बेकायदेशीर नाही, चांगले डॉक्टरही काही रुग्णांना देतात, काहींना काही काळ आराम पडतोही. पण त्याने वाटी उगवत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट लिहिलंय की गुडघ्याच्या संधिवातात ते सरसकट वापरू नये.

दादाने खोकं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे यात आपलं रेशीम नव्हतंच?" पैशांपेक्षा त्याला ते जास्त लागलं.

आता मूळ प्रश्न. रेशमाचं जेल म्हणून खरंच काही असतं का? असतं. आणि ते फार सुंदर शास्त्र आहे.

आधी गुडघ्याचं बघू. आपण जिला वाटी किंवा गादी म्हणतो, ती म्हणजे हाडांच्या टोकांवर असलेला कूर्चेचा थर. गुळगुळीत, पांढराशुभ्र, गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाकी कोलॅजनची जाळी आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. आपण साधं चालतो तेव्हाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तो हा पातळ थर पेलतो. पण त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि पेशी अगदी तुरळक. हाताला कापलं तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. कूर्चेला ती सोयच नाही. तिथे नसाही नाहीत, म्हणून सुरुवातीला झिजतेय ते कळतही नाही. विल्यम हंटर नावाच्या लंडनच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, डॉक्टर अजून त्याच वाक्याशी झगडताहेत.

त्यावरचे प्रयत्न जुने आहेत. हाडाला बारीक भोकं पाडून आतलं रक्त आणि पेशी वर आणायच्या, ही एक पद्धत. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत खड्ड्यात सोडल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याने मोठी आशा निर्माण झाली. अडचण ही की नुसत्या पेशी सोडल्या तर त्यांनी बसायचं कुठे आणि धरायचं कशाला? त्यांना मांडव हवा. वेलाला जसा मांडव लागतो तसा. पेशींनी आपली कूर्चा विणेपर्यंत तो टिकला पाहिजे आणि नंतर हळूहळू विरून गेला पाहिजे. इथे रेशीम येतं.

कोषाचा धागा दोन गोष्टींचा असतो. आत फायब्रोइन हे मजबूत प्रथिन आणि वरून सेरिसिन हा डिंक. रेशमाच्या टाक्यांनी शरीरात जो दाह व्हायचा, त्याचा दोष बराचसा या डिंकाकडे जातो, म्हणून औषधी कामासाठी तो आधी काढतात. कोष कात्रीने कापून, आतली अळी बाजूला करून, कवचाचे तुकडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळतात. डिंक जातो आणि कापसासारखं मऊ फायब्रोइन हातात येतं. ते लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या तीव्र द्रावणात ६० अंशांवर विरघळवायचं, मग तो क्षार पाण्याने काढून टाकायचा. उरतं ते पाण्यासारखं रेशीम. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन यांच्या गटाने ही पद्धत इतकी नीट बसवून दिली की आज जगभरच्या प्रयोगशाळा तीच वापरतात.

आता या पाण्यासारख्या रेशमाचं जेल करायचं. दुधाचं दही लागतं ना, तसंच काहीसं समजा. विरजण म्हणून ध्वनिलहरींचा मारा करतात, आम्लता बदलतात, नाहीतर एन्झाइम घालतात. प्रथिनाच्या मोकळ्या साखळ्या एकमेकींना धरतात, मधे पाणी अडकतं आणि थरथरणारं जेल तयार होतं. गंमत बघा, आपली अळीही पोटातल्या ग्रंथीत रेशीम द्रवरूपच सांभाळते आणि सोडताना त्याचा धागा करते. प्रयोगशाळेत आपण तिचंच काम उलटं करून मग पुन्हा सुलटं करतो.

या जेलचं वैशिष्ट्य काय? एक तर ते शरीरात सावकाश विरतं, आणि कूर्चाही सावकाशच तयार होते, म्हणून जोडी जमते. दुसरं, पेशी आत मिसळून ते खड्ड्यात ओतता येतं, खड्डा वाकडातिकडा असला तरी भरतं. तिसरं, किती घट्ट हवं ते ठरवता येतं. आणि यात आपल्या देशाने मागे बसून टाळ्या वाजवलेल्या नाहीत बरं का. आयआयटी खरगपूरला सुभाष कुंडू यांनी टसरसारख्या जंगली रेशमांवर वर्षानुवर्षं काम केलं. आयआयटी गुवाहाटीत बिमन मंडल यांचा गट आसामच्या मुगा आणि एरी रेशमासह कूर्चेवर काम करतो. आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशीम आणि जिलेटिन मिसळून थ्रीडी प्रिंटरने कूर्चेसारखी ऊती छापण्याचे प्रयोग केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या फायब्रोइनच्या संशोधनातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. गडचिरोली-भंडाऱ्याच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. तुमच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या प्रथिनात अशी एक रचना असते की पेशी तिला आपणहून चिकटतात. तुतीच्या रेशमात ती नाही. पण टसर त्या क्षारात सहज विरघळत नाही, म्हणून अनेक प्रयोगांत ते अळीच्या ग्रंथीतूनच काढावं लागलं. देव एका हाताने देतो, दुसऱ्या हाताने काम लावतो.

इथपर्यंत मेसेजवाल्याचं आणि माझं एकमत. इथून पुढे नाही.

पहिली गोष्ट, हे जेल आज प्रामुख्याने प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. सशाच्या गुडघ्यात खड्डा पाडून तो भरून दाखवणं आणि तुमच्या-माझ्या आईच्या गुडघ्यात दहा वर्षं टिकून दाखवणं यात फार अंतर आहे. सशाची कूर्चा अगदी पातळ, आणि तो लहान खड्डा पुष्कळदा स्वतःच बऱ्यापैकी भरून काढतो. त्यामुळे तिथलं यश माणसात तसंच मिळेल असं नाही. जेल पुष्कळदा खऱ्या कूर्चेपेक्षा खूपच मऊ असतं. कडेला जुन्या कूर्चेशी त्याचा सांधा जुळत नाही. आतल्या पेशी कधीकधी गुळगुळीत कूर्चेऐवजी चट्ट्यासारखी राठ ऊती विणून बसतात. माणसांवर काम सुरूच नाही असं नाही. इंग्लंडमधल्या ऑर्थॉक्स कंपनीने गुडघ्यातल्या मेनिस्कस या चकतीसाठी फायब्रोइनचा भाग बनवून तो माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेला. पण ती चकती म्हणजे वाटीवरचा थर नव्हे, आणि चाचणी म्हणजे दुकान नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती कुठल्याच मेसेजमध्ये नसते. हे सगळं संशोधन बहुतांश खड्ड्यासाठी आहे. खेळताना पडलेला, अपघातात मार बसलेला तरुण माणूस, बाकी गुडघा ठणठणीत, फक्त एका जागी कूर्चेचा टवका उडालाय, त्याच्यासाठी. आपल्या आई-मावशांचा गुडघा तसा नसतो. त्यांचा संधिवात हा सगळ्या सांध्याचा आजार. कूर्चा सगळीकडून पातळ झालेली, खालचं हाड बदललेलं, आतलं अस्तर सुजलेलं, कधी पाय धनुष्यासारखा वाकलेला. रस्त्याची भाषा आपल्याला लवकर कळते म्हणून सांगते. एक खड्डा असेल तर डांबर ओतून बुजवता येतो. पण अख्खा रस्ता उखडलाय आणि खालची भरावाची माती वाहून गेलीय, तिथे घमेलंभर डांबर ओतून काय होणार? जे होतं ते आपण दर पावसाळ्यात बघतोच.

तिसरी गोष्ट, रेशीमवाल्या दादा-भाऊंसाठी. कोषाला सोन्याचा भाव येणार, हे वाक्य वाचून आमच्याही दादाचे डोळे लकाकले होते. एके रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तुम्हीही करून बघा.

दोन सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर खोल खड्डा धरा. कूर्चेच्या मानाने हा मोठा खड्डा आहे. तो भरायला लागतं एक मिलिलिटर जेल. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. त्यात रेशीम सहा टक्के धरलं तर ६० मिलिग्रॅम. आपल्या पांढऱ्या दुबार जातीच्या एका कोषाचं कवच साधारण ३५० ते ४०० मिलिग्रॅमचं, त्यातला पाव हिस्सा डिंक वजा केला तरी अडीचशेच्या वर फायब्रोइन उरतं. म्हणजे एका कोषात चार गुडघे! एक लाख गुडघ्यांना २५ हजार कोष. ओल्या कोषाचं वजन १.८ ग्रॅम धरा, झाले ४५ किलो. शंभर अंडीपुंजांची बॅच बरी उतरली तर ६०-६५ किलो कोष देते. म्हणजे दादाच्या एकट्याच्या शेडमधली एक बॅच एक लाख गुडघ्यांना पुरून वर उरेल. प्रक्रियेत ९० टक्के वाया गेलं असं धरलं तरी ४५० किलो. जालन्याच्या कोष बाजारात एवढा माल एका कोपऱ्यात मावेल.

दादा वहीकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे आपल्याला काय?" खरं उत्तर हेच, की किलोवारी बाजाराला यातून काहीही मिळणार नाही. साडीने जेवढं रेशीम लागतं त्याच्यापुढे हे मोहरीएवढं. तेव्हा "मेडिकल रेशमासाठी तुती लावा, आमच्याकडे नोंदणी करा, रोपांचे पैसे आगाऊ भरा" असं म्हणत कुणी गावात आलं तर त्याला आधी हा हिशेब दाखवा. कडकनाथ कोंबड्यांच्या वेळी काय झालं ते आपण विसरलेलो नाही.

मग माझं म्हणणं काय? संशोधन खोटं आहे का? अजिबात नाही. उलट मला राग याचाच येतो, की जे लोक खरंच पंधरा-वीस वर्षं एका जेलमागे घालवतात, त्यांच्या कामाचं नाव चोरून कुणीतरी दुसरंच जेल विकतं. प्रयोगशाळा आणि गुडघा यांच्यामध्ये एक मोठं मैदान आहे. तिथे चाचण्या व्हायच्या असतात, नियम लावायचे असतात, शुद्धता तपासायची असते. हे काम सरकारचं, समाजाचं. ते मैदान आपण मोकळं सोडलं म्हणून तिथे दुकानं लागली. आणि प्रयोगाचा खर्च आपली माणसं बॅच विकून करताहेत, तेही खोट्या प्रयोगाचा.

म्हणून तीन गोष्टी आपण मागायला हव्यात. आमदार-खासदारांपासून जिल्हा नियोजनाच्या बैठकीपर्यंत, जिथे आपला आवाज पोचेल तिथे.

एक. सांध्यात जे काही टोचलं जाईल त्याच्या खोक्यावरचा स्टिकर रुग्णाच्या फाइलवर आणि बिलावर लागलाच पाहिजे, घटकाच्या नावासकट. हृदयातल्या स्टेंटचा, बदललेल्या वाटीचा स्टिकर फाइलला लावायची पद्धत आहेच. मग इंजेक्शनला का नाही? एवढं असतं तर आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि फसव्या औषधी जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाने बोर्ड लागण्याची वाट न बघता, लागलेल्या बोर्डांकडे निदान मान वर करून बघावं.

सरकारने मनात आणलं तर होतं, हे आपण पाहिलंय. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा आली. जो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. लाखो घरांना त्याचा फायदा झाला. तीच नजर इंजेक्शनांच्या बाजाराकडे वळायला काय हरकत आहे?

दोन. रेशमाच्या जेलच्या माणसांवरच्या चाचण्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, सरकारी पैशाने व्हाव्यात आणि निकाल चांगला येवो की वाईट, तो छापला जावा. खासगी पैसा खड्डेवाल्या तरुण खेळाडूकडे आधी जाणार, कारण तिथे निकाल लवकर दिसतो. उकिडवं बसून काम करणाऱ्या बाईच्या गुडघ्याचा प्रश्न बाजार स्वतःहून सोडवणार नाही.

तीन. औषधी दर्जाचं फायब्रोइन हवं असेल तर कोष कुठल्या शेडचा, कुठल्या बॅचचा, पाल्यावर काय पडलं, याची नोंद लागणार. आपला रेशीम शेतकरी यात अर्धा तयार आहे. शेजारच्या रानात फवारणी झाली तरी अळ्या मरतात, म्हणून तो आधीच पाल्याला जिवापाड जपतो. मोजक्या शेतकऱ्यांशी संशोधन संस्थांनी करार करावेत आणि वजनाला नव्हे तर नोंदीला आणि स्वच्छतेला पैसे द्यावेत. धागा अखंड लागत नसल्यामुळे बाजारात जे डबल कोष मातीमोल जातात तेही, स्वच्छ असतील तर, इथे चालू शकतात. यातून गावं श्रीमंत होणार नाहीत. पण शंभर नाही तर दहा घरांना खरं काम मिळेल, आणि ते खोट्या आशेपेक्षा बरं.

मला एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोकांची आशाच काढून घेताय." दादा, आशा काढून घेत नाही, तिची तारीख पुढची आहे एवढंच सांगतेय. उद्याचं औषध उद्याच मिळेल. ते आज विकतोय म्हणणारा माणूस आजचं दुसरंच काहीतरी विकत असतो.

तोपर्यंत कुणी जेल, पेशी, थेरपी असं काही सांगितलं तर चार प्रश्न विचारा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

१. इंजेक्शनमधल्या घटकाचं नाव काय? कागदावर लिहून द्या.

२. माझ्या गुडघ्यात एका जागचा खड्डा आहे की सगळाच झिजलाय? एमआरआय किंवा एक्स-रे दाखवून समजावून सांगा.

३. हा मान्यता मिळालेला उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या. ही आयसीएमआरची सरकारी नोंदवही आहे, इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. देशातली औषधांची प्रत्येक चाचणी तिथे नोंदवावीच लागते.

४. चाचणी असेल तर पैसे कसले? संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये असं आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. "स्टेम सेल" म्हणून गुडघ्यात काही टोचणार असतील तर अजून सावध राहा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर मान्य चाचणीबाहेर असा उपचार करणं गैर आहे.

चारही उत्तरं सरळ मिळाली तर उत्तमच. डॉक्टर चिडले तर उठून या. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना मी नंतर जाऊन हेच विचारलं, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावलं आणि फी घेतली नाही.

आई सध्या त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलेलं करतेय. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, दहापर्यंत मोजायचं. ती आकडे मोजत नाही, दहा वेळा विठ्ठल म्हणते. जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत गुडघ्याच्या संधिवातावर व्यायाम आणि वजन हेच पहिल्या ओळीत असतं, फक्त त्याचा बोर्ड कुणी लावत नाही. पाच किलो वजन उतरलंय. दादाने खालचा रॅक दीड फूट वर घेतला, शेडमध्ये तिच्यासाठी स्टूल ठेवलं. हे खरं तर आम्ही दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, आणि त्याला ४२ हजार लागले नसते. दुखणं गेलं नाही, पण शेडपासून देवळापर्यंत काठी टेकत जाऊन येते. या आषाढात शेवटचा एक टप्पा तरी चालेन म्हणतेय. बघू.

मावशी, तुझं उत्तर मिळालं असेल. तो नंबर डिलीट कर आणि रविवारी घरी ये, व्यायाम आईच शिकवेल तुला.

बाकीच्यांनी, तुमच्या घरी असं काही टोचून झालं असेल तर खोकं शोधा, घटकाचं नाव वाचा आणि कमेंटमध्ये फक्त तेवढं नाव लिहा. डॉक्टरचं, केंद्राचं नाव नको. किती जणांना "रेशीम" म्हणून काय टोचलं गेलंय ते तरी कळेल. ती यादी घेऊन मी स्वतः अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज देणार आहे. सोबत येणार असाल तर सांगा.

आणि पोस्ट पुढे पाठवा. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल, चार प्रश्न मात्र कापू नका.